जपून ठेवलेली प्रत

लिंबायत, सुरत
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. उत्तरायण होऊन पाच दिवस झाले, तरी आमच्या गल्लीतल्या तारांवर अजून पतंग अडकलेले आहेत. वारा आला की सगळे एकदम मान हलवतात.

कापडाच्या लूमनं तुमचे कान खाल्ले, फोनवर नुसतं घूं घूं ऐकू येतं, म्हणून यापुढे पत्रच लिहीत जा, असं तुम्ही म्हणता. मला ते बरं वाटलं. बोलताना माझं वाक्य मध्येच अडकतं, कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी आधी वहीत लिहून मग उतरवलं आहे.

तुम्ही विचारलंत, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून तू करतोस तरी काय?

आमच्या ऑफिसात इमारत बांधायच्या आधीच इमारत उभी करतात. कॉम्प्युटरच्या आत, मिलिमीटरपर्यंत खरी मापं घेऊन. कतारगामच्या बाजूला एका ट्रस्टचं सात मजली हॉस्पिटल होतंय, सध्या ते काम माझ्याकडे आहे. पण अख्खी इमारत एका फाइलीत नसते. भिंती आणि दारं एका फाइलीत, ती अहमदाबादहून येते. कॉलम आणि बीम दुसऱ्या फाइलीत. पाण्याचे आणि ऑक्सिजनचे पाइप तिसऱ्या, ती बडोद्याचे लोक करतात. एसीचे डक्ट चौथ्या. या चारी फाइली जोडून एकीवर एक ठेवायच्या आणि कुठे काय कशात घुसतंय ते बघायचं. पाइप बीममधून आरपार जातो, डक्ट दाराच्या डोक्यावर बसतो. याला आम्ही क्लॅश म्हणतो. प्रत्येक क्लॅशला नंबर असतो आणि त्यांची यादी मी ठेवतो. कोणाला कळवलं, नवा आहे की सुटला, सगळं त्यात. दोन वस्तू एकमेकींपासून लांब सरकल्या की कॉम्प्युटर स्वतःच त्या नंबरापुढे ‘सुटला’ असं लिहितो.

शेजारी रोहित बसतो. तो अमरोलीचा आहे. काल म्हणाला, “अल्या, आटलुं शुं जोया करे छे? कन्या बघायला आलायस का?” मी एक क्लॅश तीनदा बघतो म्हणून तो हसतो. हसू दे. घराचं कुलूपसुद्धा मी तीनदा ओढतो.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही. त्या इमारतीतून चालता येतं. एक बटण दाबलं की जमीन पायाला लागत नाही आणि भिंती अडवत नाहीत. मी तिसऱ्या मजल्यावर जातो, तिथे ऑपरेशनच्या खोल्या आहेत. खिडकीबाहेर झाड नाही, रस्ता नाही, नुसता राखाडी उजेड आहे, सकाळचाही नाही आणि संध्याकाळचाही नाही. छताखालून निळे, हिरवे पाइप जातात. कोणी येणार नाही अशी शांतता असते. मग वाटतं, या खाटांवर जे निजणार आहेत ते अजून आजारी पडलेलेच नाहीत. कोणी आत्ता लिंबायतच्या बाजारात मेथी निवडत असेल. मी त्यांच्या खोलीत त्यांच्या आधी येऊन गेलो.

आई साड्यांना टिकल्या लावते आहे. तुम्हाला नमस्कार सांगते.

तुमचा,
ललित


अमळनेर
२६ जानेवारी

ललित,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या मामीला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोऱ्या भिंतमझारथीन चालस म्हने. दीठ लागनी व्हई त्याले.” मीठ-मिरची ओवाळायला निघाली होती. मी म्हटलं, तो सुरतला आहे, धूर तिथवर जाणार नाही.

तुझं काम मला समजलं. तुझ्याआधी मी तेच करत होतो. कान गेल्यावर लूम सोडून मी पांडेसऱ्याला छपाईत लागलो, तेव्हा तू रांगत होतास. लांबच लांब टेबल, त्यावर कापड चिकटवलेलं. सात रंगांची साडी असली की सात स्क्रीन. एकीत नुसती पानं, एकीत पाकळ्या, एकीत फक्त काळी रेघ. एकेक स्क्रीन पाहिली तर काहीच कळायचं नाही, जाळीवर डाग पडलेत असं वाटायचं. माझा जोडीदार छगन एका बाजूला आणि मी एका बाजूला, रबराची पट्टी इकडून तिकडे. सातवी स्क्रीन उचलली की खाली अख्खा बगीचा. वीस वर्षं झाली, पण दुपारी डोळा लागला की अजून ते कापड माझ्यापुढून सरकतं. त्याला शेवट नसतो. छगन पलीकडच्या टोकाला उभा असतो, तोंड दिसत नाही.

म्हणजे तुझ्या चार फाइली त्या चार स्क्रीन. जुळल्या तर इमारत, हलल्या तर फजिती. बरोबर ना?

इथे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की भाचा डिप्लोमा इंजिनियर आहे आणि न बांधलेल्या हॉस्पिटलात रोज फेरी मारतो. गिरणीतून रिटायर झालेला वसंत म्हणतो, “पंडित, तुझा भाचा भूत झाला का रे?” मी म्हटलं, भूत झाला तरी पगारी भूत आहे.

डोळ्यांना जप. वेळेवर जेव.

मामा


लिंबायत
रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

स्क्रीनचं तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे. मी ते गौरी मॅडमना सांगितलं. त्या आमच्या टीमच्या प्रमुख, पुण्याच्या आहेत. त्या म्हणाल्या, “तुझ्या मामांना इथे आणून बसव, आणि तू जा छपाईत.” त्या फार हसत नाहीत, तेव्हा हसल्या.

मधले पंधरा दिवस वाईट गेले. ऑपरेशनच्या खोल्यांवर जड यंत्रं येणार म्हणून बीमवाल्यांनी सत्तावीस जानेवारीला त्या मजल्याचे बीम जाड केले. साडेचारशे मिलिमीटरचे होते, ते सातशे झाले. बीम वरून जाड होत नाही, खाली उतरतो. त्यामुळे आधी त्यांच्याखालून नीट जाणारे पाइप एका दिवसात बीमच्या पोटात गेले. नवी फाइल लावली आणि यादीत एकदम दोनशे बारा क्लॅश. अख्खा तिसरा मजला लाल दिसत होता. मी बडोद्याच्या पाइपवाल्यांना यादी पाठवली. ते म्हणाले, पाइप खाली घेतो, आठवड्यात नवी फाइल देतो.

मग एकतीस तारखेला दुपारी ऑफिसचा सर्व्हर बंद पडला. सगळे चहाला गेले. माझ्याजवळ माझ्या प्रती होत्या. मी महिन्यातून एकदा सगळ्या फाइली माझ्या मशिनवर उतरवून ठेवतो, कोणी सांगितलेलं नाही, मला भीती वाटते म्हणून. त्या जोडून मी काम चालू ठेवलं. संध्याकाळी सर्व्हर आला तेव्हा पूर्ववत केलं. हिरेनभाई, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, “आ छोकरो काम नो छे.”

आणि मामा, सोमवारी यादी उघडली तर ते दोनशे बारा क्लॅश गेलेले. प्रत्येकापुढे ‘सुटला’. बडोद्याच्या लोकांनी शब्द पाळला. गौरी मॅडमनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून टेबलावरचा एक ओरखडा बघत बसलो.

त्या दिवसापासून मला एकच स्वप्न पडतं. मी तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि पाइप माशांसारखे माझ्या बाजूने पोहत जातात, एकही कशाला लागत नाही. फक्त छत फार उंच असतं. हात वर केला तरी लागत नाही, उडी मारली तरी लागत नाही. वाईट स्वप्न नाही, पण जाग आल्यावर हात दुखतात.

तुमचा,
ललित


अमळनेर
१६ फेब्रुवारी

ललित,

दोनशे बारा भांडणं तू न बोलता मिटवलीस, हे मी वसंतला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, आमच्या भाऊबंदकीची एक फाइल पाठवू का त्याच्याकडे?

उंच छताचं स्वप्न चांगलं असतं. मामी म्हणते, घर होणार. मी म्हणतो, बढती होणार.

आता एक काम कर. तुझ्या डिप्लोमाच्या सर्टिफिकेटची एक चांगली झेरॉक्स पाठव. पुढच्या खोलीत देवाच्या बाजूला जागा केली आहे, काच मापानं कापून आणली आहे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या घरी एवढं तरी लागू दे. तीन वर्षं झाली तुला पास होऊन, तू कधी दाखवलंच नाहीस. एवढं काय लाजायचं.

मामा


लिंबायत
रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र मी वहीत लिहिलेलं नाही. सरळ कागदावर लिहितो आहे, नाहीतर पाठवणार नाही.

बुधवारी साइटवरून फोटो आले. तिसऱ्या मजल्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, झालंय, सळ्या बांधणं चालू आहे. मी फोटो मोठा करून बघत होतो, कामासाठी नाही, नुसता. मी जिथून रोज तरंगत जातो तिथे लुंगी नेसलेला एक माणूस बसून बिडी ओढत होता. त्याच्या मागे बीमचा साचा होता. तो मला खोल वाटला. प्लायच्या पट्ट्या मोजल्या. सातशेचा बीम. मग माझ्या स्क्रीनवरचा तोच बीम मोजला. साडेचारशे.

मी तो तीनदा मोजला. मग जोडलेल्या फाइलींचे पत्ते उघडून बघितले, म्हणजे कुठली फाइल कुठून येते ते. भिंती सर्व्हरवरून. पाइप सर्व्हरवरून. डक्ट सर्व्हरवरून. बीमपुढे माझ्या मशिनचा पत्ता होता, त्या फोल्डरचा, ज्यात मी माझ्या प्रती ठेवतो. फोल्डरचं नाव मी ‘जपून’ असं दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी चारांतल्या तीनच फाइली परत फिरवल्या होत्या. बीमची राहिली. माझी प्रत अठरा जानेवारीची, तेव्हा बीम बारीकच होते. म्हणजे बडोद्याच्या लोकांनी काही हलवलं नव्हतं. त्यांची नवी फाइल यायच्या आधीच माझ्या यादीत सगळं ‘सुटला’ झालं, आणि मीच त्यांना कळवलं की आता गरज नाही. तीन आठवडे अख्खं ऑफिस माझ्या मशिनमधले जुने बीम बघून मान डोलावत होतं.

सहा मार्चला, गुरुवारी, तो स्लॅब भरणार आहेत. बीममधून जिथे पाइप जायलाच हवा तिथे आधी एक नळकांडं ठेवतात, म्हणजे काँक्रीटमध्ये भोक राहतं. आपल्या यादीत क्लॅशच नाही, म्हणून एकही नळकांडं ठेवलेलं नाही. रोहितला मी आडून विचारलं, असं राहून गेलं तर काय करतात? तो म्हणाला, “काय करणार, प्लंबर मशिन लावून भोक पाडतो. रोज पाडतात. सळी आली तर सळीपण कापतो. कौन देखता है.” आणि त्या बीमवर जड यंत्रं, खाली टेबलावर माणूस.

आता दुसरं. माझ्याकडे सर्टिफिकेट नाही. मी पास झालेलो नाही. शेवटच्या वर्षाचा एक पेपर दोनदा गेला, बीमवर किती भार येतो ते काढायचा. गणितं येत होती. पहिलं गणित मी तीनदा तपासलं आणि वेळ संपली. दुसऱ्यांदाही तसंच. तुम्ही पेढे वाटलेत असं आईनं सांगितलं तेव्हा बोलायला हवं होतं. ऑफिसच्या फॉर्मवरही मी ‘डिप्लोमा’ लिहिलं आहे. सर्टिफिकेट आणतो, आणतो, म्हणत दोन वर्षं गेली. ही चूक सांगितली की ट्रस्टवाले विचारणार, तपासणारा कोण, शिकलाय किती. नोकरी जाईल. मग असं ऑफिस मला परत उभं करणार नाही.

स्वप्नातलं छत उंच का होतं ते आता कळलं. बीम तिथे नव्हतेच.

काच परत देता येत असेल तर द्या. मी काय करू ते लिहा.

ललित


अमळनेर
२७ फेब्रुवारी

ललित,

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं नाही.

सर्टिफिकेटचं सोड. काच कशालाही लागते.

दुसऱ्याचं सांगतो. गप्प राहा. तू मोठ्या माणसांच्या ऑफिसात आहेस. तिथे मॅडम आहेत, मालक आहेत, साइटवर इंजिनियर आहेत, त्यांचं कोणाचं लक्ष नव्हतं आणि एकट्या तुझ्या गळ्यात का? रोहित म्हणतो भोकं रोज पाडतात, तर पाडतील. इमारती अशाच उभ्या राहतात. तुझ्या आईनं, सुवर्णानं, टिकल्या लावून लावून बोटं फोडून घेतली तुझ्यासाठी, तिचा विचार कर. गुरुवार जाऊ दे. स्लॅब भरला की सगळं झाकलं जातं. नंतर हळूच ती फाइल बदलून टाक.

मी तुझा मामा आहे. वाईट सांगणार नाही.

मामा


अमळनेर
२८ फेब्रुवारी

ललित,

कालचं पत्र पोस्टात टाकून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. सकाळी पोस्टात जाऊन मागितलं, तर थैली गेली होती. म्हणून हे दुसरं.

छगनचं तुला मी अर्धंच सांगितलं. एकदा सात रंगांच्या साडीची नक्षी बदलली, पाकळी अर्धं बोट मोठी केली. सातही स्क्रीन नव्या बनल्या. स्टोअरमधून स्क्रीन आणायचं काम माझं. सहा नव्या आणल्या आणि काळ्या रेघेची जुनीच उचलून आणली, भिंतीला टेकवलेल्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. टेबलभर छापून झालं. फुलं एकीकडे आणि त्यांच्या रेघा दुसरीकडे, जणू फुलं उठून चालली आहेत. मी वेळेवर पाहिलं होतं, ललित. तिसऱ्या साडीलाच पाहिलं. वाटलं, वाळल्यावर कळणार नाही.

मास्तरनं विचारलं, स्क्रीन कोणी आणली? मला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. छगन माझ्याकडे बघत होता. मग मास्तरनं त्यालाच विचारलं आणि तो काही बोलला नाही. दुपारी त्याला काढलं. माझ्याहून मोठा होता, घरी चार तोंडं. पुढे एकदा लिंबायतच्या फाटकाजवळ हातगाडी लावून उभा दिसला. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो. त्यानं हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही, आणि हे मात्र खरं आहे.

काल मी तुला जे लिहिलं ते मला वीस वर्षांपूर्वी कोणीतरी सांगावं असं वाटत होतं. म्हणून इतक्या पटकन लिहिता आलं. ते फाड. जाऊन सांग. हे पत्र तुला गुरुवारच्या आत मिळो.

पंडितमामा


लिंबायत
रविवार, १६ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पहिलं पत्र मला सोमवारी, तीन तारखेला मिळालं. दुसरं शनिवारी, आठला. तोपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं.

खरं लिहितो. पहिलं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. कोणीतरी अंगावर गोधडी टाकावी तसं. मंगळवारी मी शांतपणे ऑफिसात गेलो, डबा पूर्ण खाल्ला. दुपारी तीन-साडेतीनला कोणी नसताना मी बीमची खरी फाइल जोडून तिसऱ्या मजल्यावर एकदा जाऊन यायचं ठरवलं, नुसतं बघायला. छत खाली आलेलं होतं. दोनशे बारा ठिकाणी लाल. ऑक्सिजनचा निळा पाइप सरळ बीममध्ये शिरत होता आणि पलीकडून बाहेर येत होता, जणू बीम म्हणजे पाणी. मीसुद्धा त्या बीममधून गेलो. काही लागलं नाही. आत एक क्षण सगळं काळं होतं, मग पुन्हा उजेड. मी परत फिरून पुन्हा गेलो. असा किती वेळ जात-येत होतो माहीत नाही. मी गप्प राहिलो तर कोणाला कधीच काही लागणार नव्हतं, निदान मला कळेल असं तरी नाही. त्या विचारानं हायसं वाटायला हवं होतं.

तेवढ्यात गौरी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. हातात मोबाइल होता, साइटला मेल लिहीत होत्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं नाही. म्हणाल्या, “ललित, तिसरा मजला भरायला सोडू ना?”

मी नेहमी “हो मॅडम” म्हणतो. म्हणालो, “नको.”

“का?”

“बीम जुने आहेत.”

“कुठले जुने?”

“माझ्याकडचे.”

त्यांनी खुर्ची ओढली. मी जुनी जोडणी परत लावून पत्ता दाखवला. त्या बराच वेळ ते वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे ‘जपून’ काय आहे?”

“माझी प्रत. काही हरवू नये म्हणून.”

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कपाळ हातात धरलं आणि त्याच हातानं साइटला फोन लावला. मग हिरेनभाई आले. “केटला दिवसथी?” मी म्हणालो, एकतीस तारखेपासून, बत्तीस दिवस. “अने तें पोते कह्युं? स्वतःहून? कोणी पकडलं नाही?” मी मान हलवली. ते माझ्याकडे असे बघत होते की मी काय माल आहे ते त्यांना ठरवता येईना. म्हणाले, ट्रस्टला लेखी द्यावं लागेल, तपासणाऱ्याचं नाव आणि शिक्षण लिहून. सर्टिफिकेट आण.

“नाहीये.”

“खोवाई गयुं? हरवलं?”

“मिळालंच नाही. एक पेपर राहिला.”

रोहितनं हेडफोन काढले होते.

स्लॅब नऊ दिवस पुढे गेला. हिरेनभाईंनी मला शनिवारपर्यंत, आठ तारखेपर्यंत, ठेवलं, यादी नव्यानं पूर्ण करून द्यायला, कारण ते नंबर दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. दोनशे बारापैकी एकशे चौऱ्याहत्तर पाइप खाली घेऊन सुटले. अडतीस ठिकाणी बीममधूनच जावं लागणार होतं. तिथे बीमवाल्यांनी जागा हिशोबानं ठरवून दिल्या, सळ्या वाढवल्या, नळकांडी ठेवायला सांगितली. शनिवारी मी माझ्या प्रतींचं फोल्डर पुसून टाकलं आणि डबा घेऊन निघालो. गौरी मॅडम जिन्यापर्यंत आल्या. “तो पेपर परत कधी असतो?” मी म्हणालो, मेमध्ये. त्या म्हणाल्या, “पहिलं गणित एकदाच तपास.” नोकरीचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

घरी आलो तर तुमचं दुसरं पत्र आलेलं होतं. छगनकाकांचं मी आईला सांगितलं नाही. मामा, मी तुम्हाला काय म्हणू? मला तुमचा राग आला आणि मग तो टिकला नाही. पहिल्या पत्राचा आधार घेऊन मी एक दिवस गप्प होतो, आणि त्या एका दिवसात तुमची वीस वर्षं कशी गेली असतील ते थोडं कळलं. छगनकाका फाटकाजवळ नाहीत, मी दोनदा जाऊन पाहिलं. बाजूचा चहावाला म्हणतो, मुलगा उधन्याला असतो, पत्ता काढून देतो. पत्ता मिळाला की पाठवीन. पुढचं तुम्ही लिहायचं, मी उतरवूनसुद्धा देणार नाही.

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहितो आहे ते वेगळं आहे. काल, शनिवारी, पंधराला, स्लॅब भरणार होते. मला कोणी बोलावलं नव्हतं. अडतीस जागांची यादी माझ्या खिशात होती. मी कतारगामची बस धरली आणि साइटवर गेलो. वॉचमननं विचारलं, “कौन?” मी म्हणालो, चेकिंग. त्यानं हेल्मेट दिलं.

तिसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदाच गेलो, इतके महिने रोज जाऊनही. ऊन होतं. खालून कोणीतरी हातोडी मारत होतं. सळ्यांच्या जाळीवर पाय सरळ पडत नाही, प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. शटरिंगच्या खाली पायाडावर चढलो तर बीमच्या साच्याला डोकं आपटलं, हेल्मेट होतं म्हणून वाचलो. कुठूनही आरपार जाता येत नव्हतं. मला ते इतकं आवडलं की मी तो साचा हातानं दाबून बघितला.

नळकांडी मोजली. सदतीस.

दुसऱ्यांदा मोजली, सदतीस. तिसऱ्यांदा मोजली नाही. सळ्या बांधणारा ओडिशाचा एक माणूस होता, त्याला जागा दाखवली. तो म्हणाला, “एक से क्या होता है, गाड़ी खड़ी है नीचे.” खाली खरंच काँक्रीटच्या गाड्या ड्रम फिरवत उभ्या होत्या. मी म्हणालो, “भाई, यहाँ से ऑक्सीजन जाएगा.” त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्या रिकाम्या जागेकडे. म्हणाला, “पहले बोलना था ना.” मी म्हणालो, हो, पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. त्यानं खालून एक नळकांडं मागवलं. मी ते दोन्ही हातांनी जागेवर धरलं आणि त्यानं चारी बाजूंनी तार पिळून ते बांधलं. हलवून बघ म्हणाला. हललं नाही.

अकरा वाजता काँक्रीट पडायला लागलं. राखाडी, जड, हळूहळू सगळ्या सळ्या त्यात बुडत गेल्या. मी जिन्यात उभा राहून बघत होतो. माझं नाव त्या मजल्यावर कुठेच नाही, ट्रस्टला लेखी दिलं त्यातही शेवटी नाही, असं रोहितनं कळवलं. चार वाजता तो मजला भरून झाला. आता त्यात कोणालाच काही हलवता येणार नाही. मलाही नाही.

तुमचा,
ललित